काहीच घडू न देणारा माणूस

"पक बघू नकोस," दादा म्हणाला. "तो ७४ नंबर दिसतोय? आजचा पूर्ण सामना फक्त त्याच्याकडे बघ."

दादा म्हणजे आमच्या टीममधला सीनियर. मूळचा सांगलीचा, पण बरीच वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात राहतो. कंपनीने मला चार महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं आणि एका शनिवारी तो मला कॅरोलिना हरिकेन्सचा आइस हॉकीचा सामना बघायला घेऊन गेला. आपल्याला हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. बर्फावरची हॉकी मी तोवर फक्त रील्समध्ये बघितली होती. त्या रील्समध्ये दोनच गोष्टी असतात, गोल आणि मारामाऱ्या.

मी इमानेइतबारे ७४ नंबरकडे बघत बसलो. तो बर्फावर यायचा, पाऊणएक मिनिट असायचा, परत बाकावर जायचा. कोणाला धडकला नाही, कोणाशी भांडला नाही, गोलवर एक-दोन साधे फटके मारले असतील. दुसरा पिरियड संपला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अरे दादा, हा तर काही करतच नाहीये."

"बरोबर. आणि तो बर्फावर असताना समोरच्यांनी काय केलं?"

मी आठवून बघितलं. त्यांनीही काही केलं नव्हतं.

त्या ७४ नंबरचं नाव जेकब स्लाव्हिन. भारतात परतल्यावर गेली काही वर्षं मी पहाटे साडेपाचला उठून हा खेळ बघतोय, जुन्या सामन्यांचे व्हिडिओ शोधतोय, आकडे चाळतोय. एकच प्रश्न डोक्यात आहे: ज्या खेळाडूचं काम म्हणजे काही घडू न देणं, तो महान आहे हे ओळखायचं कसं? आणि आपण ते इतक्या वेळा चुकीचं का ओळखतो?

आधी खेळ थोडक्यात. बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, चारी बाजूंनी बोर्डांनी बंद. प्रत्येक संघाचे सहा जण आत: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन आणि एक गोली. मैदानाचे तीन भाग करणाऱ्या दोन निळ्या रेषा. आक्रमण करणाऱ्या संघाचा कुठलाही खेळाडू पकच्या आधी ती निळी रेषा ओलांडू शकत नाही, ओलांडली तर ऑफसाइड. हा नियम लक्षात ठेवा, कारण चांगल्या डिफेन्समनचं निम्मं काम या रेषेपाशीच उरकतं.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, सर्वोत्तम डिफेन्समनला नॉरिस ट्रॉफी देते. १९५३-५४ च्या मोसमात ती पहिल्यांदा दिली गेली. या जागेवरच्या खेळाडूची सर्वांगीण क्षमता बघावी, असा तिचा निकष आहे. मग बॉबी ऑर आला. डिफेन्समनने मागे थांबायचं असतं ही समजूत त्याने मोडीत काढली. पक घेऊन तो अख्खं मैदान कापत पुढे जायचा. १९७०-७१ मध्ये त्याने गोल आणि असिस्ट मिळून १३९ पॉइंट केले. १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षं नॉरिस त्यालाच मिळाली. ऑरबद्दल माझी काही तक्रार नाही, तो बचावही उत्तम करायचा. पण त्याच्यानंतर डिफेन्समनकडे बघण्याची नजर बदलली. 'सर्वांगीण' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हळूहळू 'पॉइंट किती?' असा होत गेला.

या प्रवाहाविरुद्ध गेलेला एक मोसम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८३-८४. त्या वर्षी एडमंटनच्या पॉल कॉफीने ४० गोल आणि ८६ असिस्ट, एकूण १२६ पॉइंट केले. वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेचे पॉइंट होते ३३. नॉरिस लँगवेला मिळाली. तीही सलग दुसऱ्यांदा, आदल्या वर्षी ३२ पॉइंटवर मिळाली होती.

आज हे आकडे कोणा नव्या प्रेक्षकाला दाखवले तर तो म्हणेल, मतदारांना वेड लागलं होतं. पण दुसरे आकडे बघा. लँगवे सप्टेंबर १९८२ मध्ये मॉन्ट्रियलहून वॉशिंग्टनला आला. तोवर हा संघ लीगमध्ये आठ मोसम खेळला होता आणि एकदाही प्लेऑफमध्ये पोचला नव्हता. लँगवे येण्याच्या आदल्या मोसमात त्यांनी ३३८ गोल खाल्ले होते. तो आल्यावर पहिल्या मोसमात २८३, दुसऱ्या मोसमात २२६. त्या दुसऱ्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात कमी गोल खाणारा संघ वॉशिंग्टन होता. आणि पहिल्याच मोसमात ते प्लेऑफमध्ये पोचले.

हे सगळं एकट्या लँगवेचं श्रेय आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याबरोबर त्याच व्यवहारात डग जार्विस आला होता, आणि तो १९८४ मध्ये सर्वोत्तम बचाव करणारा फॉरवर्ड ठरला. अठरा वर्षांचा स्कॉट स्टीव्हन्स त्याच मोसमात संघात आला. गोलीही चांगले होते. पण इथेच खरी अडचण आहे. कॉफीचे ४० गोल कॉफीच्या नावावर लिहिलेले असतात. न झालेले ११२ गोल कोणाच्या नावावर लिहायचे?

नाव लिहिता येत नाही म्हटल्यावर आपण जे मोजता येतं ते मोजायला लागतो. बचावाच्या बाबतीत दोन गोष्टी सहज मोजता येतात, अडवलेले फटके आणि मारलेल्या धडका. शरीर आडवं घालून पक अडवला की समालोचक ओरडतो, बाकावरचे खेळाडू स्टिक आपटतात. तो पक जवळपास १७० ग्रॅमचा कडक रबर असतो आणि कित्येकदा ताशी दीडशे किलोमीटरने येतो. अडवणाऱ्याच्या धाडसाला तोड नाही. पण जरा विचार करा. एका सामन्यात एखाद्याने सहा फटके अडवले याचा अर्थ त्याच्यासमोर सहा वेळा समोरचा माणूस पक घेऊन, जागा मिळवून, नेम धरून उभा होता. धडकेचंही तेच. धडक पक असलेल्या माणसालाच मारता येते, म्हणजे जो संघ सतत धडका मारतोय त्याच्याकडे पक नाहीये. शिवाय धडक कशाला म्हणायचं हे त्या त्या मैदानावर नोंद करणारा माणूस ठरवतो, आणि मैदान बदललं की त्याची मोजपट्टीही बदलते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हा प्रकार चांगलाच ओळखतो. मध्यरात्री सर्व्हर कोसळला, एक जण पहाटेपर्यंत जागून तो उभा करतो, सकाळी त्याच्या नावाने टाळ्यांचे इमोजी पडतात. तो कोसळू नये म्हणून तीन महिने आधी कोणीतरी एक कंटाळवाणा बदल केला असता तर ती रात्र आलीच नसती. पण न आलेल्या रात्रीसाठी कोण टाळ्या वाजवणार?

फटके अडवणारे वाईट असतात असं नाही. ख्रिस टॅनेव्ह जन्मभर पकसमोर अंग टाकत आला आहे आणि तो उत्तम डिफेन्समन आहे. एक खेळाडू कमी असताना, पेनल्टी किलमध्ये, ते करावंच लागतं. मुद्दा एवढाच की तो शेवटचा उपाय आहे. शेवटचा उपाय किती वेळा वापरला यावरून कोणाची थोरवी ठरवू नये.

मग भीतीचं काय? हा प्रश्न स्कॉट स्टीव्हन्सचा. २६ मे २०००, फिलाडेल्फिया विरुद्ध न्यू जर्सी, मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना. एरिक लिंड्रोस मान खाली घालून निळी रेषा ओलांडत होता. स्टीव्हन्सने त्याला खांद्याने असं उडवलं की लिंड्रोस उठलाच नाही. न्यू जर्सी जिंकली, पुढे स्टॅनली कप जिंकली, आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टीव्हन्सला कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली. डोक्याच्या दुखापतीतून नुकताच परतलेला लिंड्रोस पुढचा अख्खा मोसम खेळला नाही आणि फिलाडेल्फियाकडून तर पुन्हा कधीच नाही.

ती धडक तेव्हाच्या नियमात बसत होती. मी तो व्हिडिओ अनेकदा बघितला आहे आणि दर वेळी माझं मत दोन ठिकाणी फाटतं. स्टीव्हन्स परिणामकारक होता यात शंका नाही. तो बर्फावर असला की मैदानाच्या मधून पक न्यायला भले भले कचरायचे. म्हणजे मधली जागा तो न हलताही बंद करायचा. पण ज्या बचावाला एखाद्याच्या मेंदूची किंमत द्यावी लागते, त्याला मी कौशल्याचा कळस म्हणू शकत नाही. २०१० नंतर लीगने बाजूने येऊन डोक्याला मारलेल्या धडकांवर बंदी घातली. त्याआधी, २००५-०६ पासून, स्टिकने ओढणं, अडकवणं, हाताने धरून ठेवणं यांवरही कडक शिक्षा सुरू झाली होती. स्टीव्हन्सच्या पिढीची निम्मी हत्यारं काढून घेतली गेली. तरीही महान बचाव करणारे डिफेन्समन होतच राहिले. याचा मला दिसणारा अर्थ असा की त्यांचं मूळ काम या हत्यारांवर कधी अवलंबून नव्हतंच.

मग मूळ काम काय? दादाच्या शिकवणीवर मी तासन्‌तास स्लाव्हिन बघितला. त्यातून मला दिसलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, अंतर. समोरून फॉरवर्ड ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने येतोय आणि डिफेन्समन उलटा, पाठीमागे स्केटिंग करतोय. जास्त मागे सरकला तर फॉरवर्डला मोकळी जागा मिळते. जास्त जवळ थांबला तर तो बाजूने निसटतो. स्लाव्हिन हे अंतर स्टिकच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त ठेवतो, आणि निळी रेषा जवळ आली की तेही मिटवत आणतो. फॉरवर्डपुढे मग दोनच वाटा उरतात: पक गमावणं किंवा तो कोपऱ्यात भिरकावून त्याच्यामागे पळणं. आकडेवारीवाल्यांनी सामने बघून हाताने नोंदी केल्या, तेव्हा कळलं की पक ताब्यात ठेवून आत शिरलं तर मिळणारे फटके, पक भिरकावून आत शिरल्यावर मिळणाऱ्या फटक्यांच्या जवळपास दुप्पट असतात. या कामातलं एक मोठं नाव एरिक टल्स्की. हा माणूस मुळात रसायनशास्त्राचा डॉक्टरेट आणि आज कॅरोलिनाचाच जनरल मॅनेजर आहे. स्लाव्हिनची खरी किंमत कळलेला संघ त्याला मिळाला हा योगायोग नसावा.

दुसरी, स्टिक. स्लाव्हिन अंगाने नाही, स्टिकने बचाव करतो. स्टिकचं पातं बर्फाला टेकवून तो पासची वाट आधीच बंद करतो. दोन फॉरवर्ड आणि एकटा डिफेन्समन अशी वेळ आली की नवखा डिफेन्समन पकवाल्यावर झेपावतो, आणि पास दुसऱ्याकडे जाऊन गोल होतो. जाणता डिफेन्समन फटका मारणाऱ्याला गोलीवर सोपवतो आणि पास अडवतो. गोलीला आधीच माहीत असतं की फटका कुठून येणार, त्यामुळे तोही स्थिर असतो. इथे डिफेन्समनने वरवर काही केलंच नाही. त्याने फक्त गोलीचा प्रश्न सोपा करून दिला.

तिसरी, मधली जागा. बहुतेक धोकादायक संधी गोलच्या थेट समोरच्या पट्ट्यातून येतात, ज्याला स्लॉट म्हणतात. चांगला डिफेन्समन समोरच्याला बोर्डांकडे, कडेकडे ढकलत नेतो. तिथे तो हवा तितका वेळ पक घेऊन फिरू दे, लांबून फटके मारू दे. प्रेक्षकांना वाटतं समोरचा संघ दडपण आणतोय. खरं तर त्याला चुलीपासून लांब अंगणात बसवून ठेवलेलं असतं.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते: पक बाहेर काढणं. बचाव पक हिसकावला की संपत नाही, पक आपल्या भागातून बाहेर गेला की संपतो. कोपऱ्यात पक घ्यायला जाताना मागून दोन माणसं अंगावर येत असतात. स्लाव्हिन पकपर्यंत पोचण्याआधी दोनदा मान वळवून मागे बघतो. पक मिळताच दहा फुटांवरच्या साथीदाराला साधा पास. त्याचं नाव स्कोअरबोर्डवर येत नाही, पण समोरच्यांचं आक्रमण तिथेच मेलेलं असतं.

या चारही गोष्टींत समान काय आहे? चारही अपघाताच्या आधी घडतात. म्हणूनच स्लाव्हिनला शिक्षाही फारशा होत नाहीत, कारण उशीर झालेल्यालाच ओढाओढी करावी लागते. २०२०-२१ च्या मोसमात तो ५२ सामने खेळला आणि त्याला एकच दोन मिनिटांची शिक्षा झाली. तीही कोणाला पाडल्याबद्दल नाही, पक काचेवरून प्रेक्षकांत गेल्याबद्दल. सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्याला त्या वर्षी मिळाली, २०२४ मध्ये पुन्हा मिळाली. लीगच्या सर्वोत्तम फॉरवर्डांसमोर रोज उभं राहणाऱ्या माणसाला सभ्यतेचं बक्षीस! नॉरिस मात्र आजवर एकदाही नाही.

१५ फेब्रुवारी २०२५ चा मॉन्ट्रियलमधला अमेरिका-कॅनडा सामना कदाचित तुमच्याही फीडवर आला असेल. पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या. जगभर तेच फिरलं. मॅकडेव्हिडने कॅनडाला पुढे नेलं, पण नंतर कॅनडाला एकही गोल करता आला नाही आणि अमेरिका ३-१ जिंकली. त्या उरलेल्या वेळात स्लाव्हिन आणि त्याचा जोडीदार ब्रॉक फेबर काय करत होते, याचं रील कोणी केलं असेल तर मला पाठवा. पाच दिवसांनी बोस्टनमध्ये अंतिम सामना झाला. जादा वेळेत मॅकडेव्हिड स्लॉटमध्ये एकदाच मोकळा सापडला आणि कॅनडा ३-२ ने जिंकली. बचावाचा हिशोब असा क्रूर असतो. तासभर बंद ठेवलेली जागा एका क्षणासाठी उघडली, की तेवढाच क्षण इतिहासात जातो.

आता माझ्याविरुद्धची बाजू, कारण ती कच्ची नाही. एक गोल वाचवणं आणि एक गोल करणं यांची किंमत सारखीच. मग १२६ पॉइंट करणारा कॉफी लँगवेपेक्षा कमी का? शिवाय पक तुमच्याकडे असेल तर समोरच्याला गोल करताच येत नाही. आक्रमक डिफेन्समन हा अर्थाने बचावच करत असतो. हे मला मान्य आहे. १९८४ मध्ये मत माझ्या हातात असतं तर मीही बराच वेळ पेन धरून बसलो असतो. पण दुसरं टोक बघा. २०२२-२३ मध्ये एरिक कार्लसनने १०१ पॉइंट केले. डिफेन्समनने शंभरी गाठण्याची ही १९९१-९२ नंतरची पहिलीच वेळ. त्याच मोसमात त्याचा प्लस-मायनस उणे २६ होता, म्हणजे तो बर्फावर असताना त्या हिशोबात धरलेले गोल संघाने केले त्यापेक्षा २६ जास्त खाल्ले. संघ तळाशी होता, त्यामुळे सगळा दोष त्याचा नाही. प्लस-मायनस हा साथीदारांनी गढूळ केलेला आकडा आहे. तरी नॉरिस त्यालाच मिळाली. मला कार्लसनचा खेळ आवडतो, पण 'सर्वांगीण' हा शब्द त्या दिवशी कुठे होता?

पैशांतही तेच दिसतं. कार्लसनचा करार वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा. २०२४ मध्ये स्लाव्हिनने आठ वर्षांचा नवा करार केला, तो वर्षाला ६५ लाखांच्या आसपासचा.

यावर उपाय म्हणून लँगवेच्या नावाने केवळ बचावासाठी वेगळी ट्रॉफी असावी, अशी मागणी हॉकीबद्दल लिहिणाऱ्यांमधून अधूनमधून होते. फॉरवर्डांना बचावासाठी सेल्की ट्रॉफी १९७८ पासून आहे. ज्यांच्या पदाच्या नावातच 'डिफेन्स' आहे, त्यांच्यासाठी का नको? ऐकायला हे रास्त वाटतं. तरी मला ते पटत नाही. वेगळी ट्रॉफी म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस. ती मिळाली की नॉरिस कायमची पॉइंटवाल्यांना सोडून दिल्यासारखं होईल. १९८४ च्या मतदारांनी लँगवेला कोपऱ्यातलं बक्षीस दिलं नव्हतं, मुख्य बक्षीस दिलं होतं. त्यांचा निकाल चुकला असेल किंवा नसेल, पण त्यांनी आकड्यापलीकडे बघण्याचे कष्ट घेतले होते.

ते कष्ट कोणी घेत नाही तेव्हा काय होतं, हे मला माझ्या छोट्या जगात कळलं. गेल्या वर्षी अ‍ॅप्रेझलच्या फॉर्मवर 'या वर्षातील तुमचे तीन ठळक परिणाम लिहा' असा रकाना होता. मी वर्षभर जुन्या पेमेंटच्या कोडमधल्या कमकुवत जागा शोधून बुजवत होतो. त्या वर्षी ती यंत्रणा एकदाही बंद पडली नाही. मी तेच लिहिलं. मॅनेजरने सरळ मनाने विचारलं, "हो, पण तू नक्की केलंस काय?" राग यायला हवा होता. पण मला राली आठवलं. हाच प्रश्न मी स्लाव्हिनबद्दल विचारला होता, चांगला दोन पिरियड बघून झाल्यावर.

म्हणून या वर्षी मी एक केलं. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, मीटिंगमध्ये फार बोलत नाही. तिने तपासलेला कोड क्वचितच परत येतो. तिच्या नावावर एकही मोठं फीचर नाही. मला तिच्याबद्दल अभिप्राय द्यायचा होता. नेहमीप्रमाणे चार ओळी लिहून मोकळा होणार होतो, पण एक दुपार बसून तिने रिव्ह्यूमध्ये थांबवलेल्या गोष्टींची यादी काढली. प्रत्येकीपुढे लिहिलं, ही पुढे गेली असती तर काय झालं असतं. यादी दीड पानाची झाली.

तिला बढती मिळाली का, हे अजून कळलेलं नाही. दादाला मेसेज करून हे सगळं सांगितलं. त्याचं उत्तर आलं, "उद्या पहाटे मॅच आहे. ७४ ला बघ."